गोव्यात घरी हॅमची अँटेना उभारायची तर आधी तार, मग पाइप, आणि टॉवर सगळ्यात शेवटी

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला, परवाना काढून घरूनच रेडिओवर जगाशी बोलणारा. लायसन हातात आलं की पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला टॉवर दिसायला लागतो, मलाही दिसला होता. चाळीस फूट उंच, वर फिरणारी यागी (एका दिशेला जोर लावणारी अँटेना), आणि खाली आपण बाल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून ब्राझीलशी बोलतोय. मग लोखंडाचा भाव कळतो, पंचायत आठवते, आणि जूनमध्ये पाऊस असा आडवा येतो की छत्रीच उलटी होते. म्हणून नवीन माणसाला मी एकच सांगतो, आपल्याकडे अँटेना उंचीमुळे नाही तर पाण्यामुळे, मिठामुळे आणि विजेमुळे फेल जाते, त्यामुळे जी काय मेहनत करायची ती आधी या तिघांवर करा. माडाला बांधलेली साधी तार नीट बांधली असेल तर ती पाच-सहा वर्षं जगते, आणि गंजक्या टॉवरवरची महागडी अँटेना दुसऱ्या पावसात मुकी होते.

मी फोंडा तालुक्यात राहतो, कौलारू घर, मागे पोरसू म्हणजे परसबाग, त्याच्या खाली थोडं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. तुमचा फ्लॅट असेल तर यातलं काही तुम्हाला लागू नाही होणार, ते मध्येमध्ये सांगतो.

लायसनचं दोन ओळींत उरकतो. ट्रान्समिट करायला परवाना लागतोच, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा असते, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन ग्रेड, रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, व्हीयू३ ने सुरू होत असेल तर बहुतेक रिस्ट्रिक्टेड, व्हीयू२ ने असेल तर जनरल. कॉलसाइन येईपर्यंत अँटेना बांधून नुसतं ऐकत बसा, ऐकून जेवढं कळतं तेवढं पुस्तकातनं नाही कळत.

आधी घराभोवती एक चक्कर मारा

हातात मेजरिंग टेप आणि एक कागद, बाकी काही नको. घराचा चौकोन काढा, माड कुठे आहेत, फणस कुठे, विहीर कुठे, आणि सगळ्यात मोठं, विजेच्या तारा कुठून जातात ते काढा. आपल्याकडे लाइन सरळ रस्त्याने जाईलच असं नाही, कोणाच्या तरी पोरसातनं, आंब्याच्या फांद्यांमधनं जाते आणि पानांत दिसतसुद्धा नाही. नियम असा की तुमचा खांब किंवा तार कुठल्याही दिशेला पडली तरी विजेच्या लाइनपर्यंत पोचता कामा नये. सहा मीटरचा पाइप असेल तर लाइनपासून निदान नऊ मीटर लांब, म्हणजे उंचीच्या दीडपट. लाइनच्या वरून किंवा खालून अँटेनाची तार न्यायची नाही, कोटिंगवाली असली तरी नाही, 'जरा वाकवून काढू' तर अजिबात नाही. जगभरात हॅम लोक अँटेना उभारताना मेलेत ते बहुतेक याच कारणाने किंवा वरून पडून.

मग बघा साधारण वीस मीटरची मोकळी रेघ कुठे मिळते. नाही मिळाली तरी घाबरू नका, उलटा व्ही बांधला की मध्ये एकच उंच जागा लागते आणि दोन टोकं खाली येतात.

आता माडाबद्दल, कारण ही चूक सगळे करतात. माडाला खिळा मारायचा नाही. माडाला इतर झाडांसारखी साल नसते, खोडाला झालेली जखम भरून येत नाही, आणि त्या भोकातनं सोंड्या भुंगा आत शिरला की दोन वर्षांत माड गेला, वर शेजारी म्हणणार की तुमच्या रेडिओने माड मारला. दोरीचा सैलसर फास घाला, खाली जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा. दुसरी गोष्ट, माड डुलतो, वाऱ्यात शेंडा मीटर-दीड मीटर सहज हलतो, त्यामुळे तार दोन माडांमध्ये ताठ बांधली की पहिल्या वादळात तुटणार म्हणजे तुटणारच. एका टोकाला पुली लावा आणि दोरीच्या शेवटाला वजन लटकवा, पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन पुरतो, माड डुलला की कॅन वरखाली होतो आणि तार शांत राहते. तिसरी, वरून चुडत, म्हणजे माडाची झावळी, पडतं. सुकलेलं चुडत पाच-सहा किलोचं असतं, ते तारेवर पडलं की विषय संपला, म्हणून तार बरोबर माडाखालून न नेता शेंड्याच्या घेरापासून थोडी बाहेरून न्या.

वर चढायला पाडेलीच, म्हणजे नारळ पाडणाराच, बोलवा. आमचा पाडेली पहिल्यांदा पुली हातात घेऊन म्हणाला, 'बाबा, नारळ काढायला आलोय की फोन लावायला?' त्याला एका माडाचे पैसे आणि वर चहा द्या. स्वतः चढायचा विचार करू नका. पाडेली मिळत नसेल तर गलोलीने शिसं उडवून तंगूस (मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी) फांदीवरून टाकता येते, आधी तंगूस, तिला बांधून सुतळी, सुतळीला बांधून दोरी, असं करत फणसावर किंवा आंब्यावर छान जमतं. माडावर जमत नाही, तंगूस चुडतात अडकते.

पहिली अँटेना: ४० मीटरचा उलटा व्ही

४० मीटर बँड म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा पट्टा. तोच का, तर भारतात सकाळ-संध्याकाळ सगळ्यात जास्त गप्पा तिथेच असतात, आणि या बँडवर अँटेना कमी उंचीवर असली तरी चालते. खरं तर सात-आठ मीटरवर बांधलेली तार सिग्नल जवळजवळ सरळ वर फेकते, तो वरून परत खाली येतो आणि कोल्हापूर, पुणे, बेळगाव, बेंगळुरू हे सगळं मस्त ऐकू येतं. मध्ये सह्याद्री आहे म्हणून काही अडत नाही, सिग्नल डोंगरावरूनच जातो. लांबचे देश पाहिजेत तर उंची लागते, पण ते पुढच्या वर्षी.

सामान सगळं इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतं. दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर, काळी घ्या, उन्हात काळं कोटिंग जास्त टिकतं. टोकांना एग इन्सुलेटर, लाइनमन लोक विजेच्या खांबाच्या स्टेला लावतात तोच पांढरा चिनीमातीचा अंडा, स्वस्त आहे आणि म्हातारा होत नाही. मधल्या जोडासाठी पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स. दोरी मात्र विचार करून घ्या. निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ती उन्हात दोन वर्षांत भुसा होते, हाताने चोळली तर पावडर पडते. नायलॉन ओलं झालं की लांबतं आणि पावसात अँटेना पोट काढून बसते. पॉलिएस्टरची विणलेली दोरी घ्या, होड्यांचं सामान मिळतं तिथे विचारा, चार पैसे जास्त जातील.

लांबीचा हिशोब सोपा आहे, १४२.६ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, उत्तर मीटरमध्ये. ७.१ मेगाहर्ट्झसाठी २०.०८ मीटर, म्हणजे मधल्या जोडाच्या एका बाजूची तार, तिला हात म्हणू, साधारण दहा मीटर. पण तेवढाच कापू नका. दोन्ही हात साडेदहा-साडेदहा मीटर कापा, कारण जास्तीची तार दुमडता येते, कमी पडलेली वाढवायला जोड मारावा लागतो आणि प्रत्येक जोड म्हणजे पावसाला आमंत्रण.

मधला जोड: दोन हात, दोन स्क्रू, एकाला कोॲक्सची, म्हणजे रेडिओकडून येणाऱ्या टीव्ही केबलसारख्या गोल केबलची, मधली तार, दुसऱ्याला तिची बाहेरची जाळी. तारेचा ताण सोल्डरवर येऊ द्यायचा नाही, आधी तार बॉक्सच्या भोकातनं फिरवून गाठ मारा आणि मग ढिली शेपटी स्क्रूला. कोॲक्सचंही तेच, त्याचं वजन केबलटायवर किंवा दोरीवर घ्या. बॉक्सच्या खाली कोॲक्सचे दहाबारा वेढे चार इंची पीव्हीसी पाइपवर गुंडाळले की काम चालवण्यापुरता चोक होतो, नाहीतर कोॲक्सची जाळीच अँटेनासारखी वागायला लागते आणि बोलताना माइकच्या लोखंडाला ओठ लागला की चटका बसतो. फेराइटची रिंग मिळाली तर तिच्यावर गुंडाळा, जास्त चांगलं.

आता उभारा. मधला भाग सात-आठ मीटरवर, दोन हात दोन बाजूंना उतरते, मधला कोन १२०-१३० अंशांच्या आसपास ठेवा, ९० च्या खाली चिमटा केला तर दोन हात एकमेकांची ताकद खातात. टोकं जमिनीपासून तीन मीटरच्या वर पाहिजेत. यामागे कारण आहे, ट्रान्समिट करताना टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, शंभर वॅटवर हात लागला तर भाजतं आणि जखम आतपर्यंत जाते. आमच्याकडे एकदा पावसाळ्यात उघडीप मिळाली म्हणून आईने टोकाच्या दोरीवर गोधडी वाळत घातली होती. रेडिओ बंद होता, नशीब. त्या दिवशीच टोक वर घेतलं.

ट्यूनिंग, इथे घाई नको

एसडब्ल्यूआर म्हणजे किती पॉवर अँटेनाकडून परत येते त्याचं माप, एक म्हणजे उत्तम. त्याचा मीटर असेल तर ठीक, पण आता नॅनोव्हीएनए म्हणून छोटं यंत्र मिळतं, फोनएवढंच, ते घ्या किंवा एखाद्या जुन्या हॅमकडून रविवारपुरतं मागून आणा. ते एसडब्ल्यूआरचा आलेख दाखवतं आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला दरी सगळ्यात खोल आहे ते एका नजरेत कळतं.

समजा एकूण तार २१ मीटर आहे आणि दरी दिसते ६.६५ वर. तुम्हाला पाहिजे ७.१. नवी लांबी म्हणजे २१ गुणिले ६.६५ भागिले ७.१, उत्तर १९.६७ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण ६६ सेंटिमीटर कमी करायचं. पुस्तकातल्या २०.०८ पेक्षा कमी आलं म्हणून चक्रावू नका, वायरवरचं पीव्हीसी कोटिंग, खाली उतरलेली टोकं, जवळची जमीन, हे सगळे मिळून अँटेना लांब 'वाटायला' लावतात. आणि कापायचं नाही. आधी जास्तीची तार टोकाला मागे दुमडून तिच्यावरच घट्ट गुंडाळा, मोजा, परत दुमडा, मोजा, दोन दिवस राहू द्या, मग कापायची तर कापा. दोन्ही हात सारखेच कमी करा. दीडपर्यंत एसडब्ल्यूआर आला की थांबा, १.१ साठी दिवसभर माडाखाली उभं राहायला लागेल आणि समोरच्या माणसाला काडीचाही फरक कळणार नाही.

एक गंमत म्हणजे हीच अँटेना १५ मीटर बँडवरही चालते, कारण २१ मेगाहर्ट्झ हे सातच्या तिप्पट. दरी जरा वर सरकलेली असते, पण रेडिओतला ट्यूनर सांभाळून घेतो.

मोजलेले आकडे तारखेसकट लिहून ठेवा. याचं महत्त्व जुलैमध्ये कळतं.

केबल आणि पाणी

कोॲक्समध्ये कंजुषी कुठे चालते आणि कुठे नाही ते आधी समजून घ्या. पातळ आरजी-५८ तीस मीटर वापरली तर ७ मेगाहर्ट्झवर एक-सव्वा डेसिबल जातात, कोणाला कळतही नाही. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झवर साधारण सहा डेसिबल खाते, म्हणजे रेडिओतून ५० वॅट निघाले तर वर पोचतात बारा-तेरा, उरलेल्यांनी केबल गरम. जाड आरजी-२१३ ला तेवढ्याच लांबीत निम्म्याहून थोडे जास्त पोचतात. म्हणून एचएफला (३० मेगाहर्ट्झच्या खाली) पातळ चालेल, व्हीएचएफला (त्याच्या वर) जाड घ्या आणि लांबी कमी ठेवा.

आता पाणी. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तोही वाऱ्याबरोबर खालून वर येणारा. परदेशातले व्हिडिओ बघून दोन वेढे काळ्या इन्सुलेशन टेपचे मारले तर तो टेप ऑगस्टमध्ये चिकट होऊन गळून पडतो. माझी पहिली अँटेना अशीच गेली. आणि मजा बघा, मला कळलंच नाही. जुलैमध्ये एसडब्ल्यूआर उलट सुधारला, १.८ चा १.२ झाला, मी खूश, फक्त कोणी उत्तर देईना. झालं असं होतं की जाळीतून पाणी वातीत तेल चढतं तसं चढत, उतरत अर्ध्या केबलमध्ये भरलं होतं, पाण्याने भरलेली केबल जाणारी पॉवरही खाते आणि परत येणारीही खाते, मग मीटरला परत आलेलं काही दिसतच नाही, तो म्हणतो सगळं छान. तेव्हापासून लक्षात ठेवलंय, एसडब्ल्यूआर काही न करता आपोआप चांगला झाला की आधी केबल कापून बघायची. जाळी तांब्याच्या रंगाची पाहिजे. काळी किंवा हिरवी दिसली तर पुढे कापत जा, स्वच्छ जाळी लागेपर्यंत, आणि नाही लागली तर केबल फेका.

जोड असा बांधायचा. पीएल-२५९ हा कोॲक्सच्या टोकाचा प्लग सोल्डर करून घट्ट, त्याच्यावर एक थर साध्या टेपचा, म्हणजे पुढे उघडताना ब्लेडने नीट निघतो. त्याच्यावर सेल्फ-अमालगमेटिंग टेप, तो रबरासारखा ओढून निम्मा ताणून गुंडाळायचा, थोड्या वेळात एकजीव होतो. खालून वर गुंडाळत या, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक पडतात आणि पाणी आत न जाता घसरतं. वरून परत काळा टेप, उन्हासाठी. सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांब्याला खातं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. मधल्या जंक्शन बॉक्सला सगळीकडून सील मारायचा मोह होतो, मारू नका, खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवा. आत दमट हवेचं पाणी होणारच, त्याला बाहेर जायला वाट पाहिजे.

केबल घरात आणताना वळचणीखालून आणा, आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, शिरायच्या जागेपेक्षा हातभर खाली जाऊन मग वर. पाणी केबलवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी थेंब पडून जातो. हा झोळ नाही ठेवला तर पाणी चिऱ्याच्या भिंतीतनं आत आणि तिथून थेट टेबलावर.

समुद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना, म्हणजे मिरामार, कळंगुट, कोलवा, बेतूल वगैरे, अजून एक शत्रू आहे. मीठ. तिथे साधे नटबोल्ट सहा महिन्यांत एकमेकांत वेल्ड झाल्यासारखे बसतात. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, अल्युमिनियमच्या जोडांमध्ये कंडक्टिव्ह ग्रीस लावा, तांबं आणि अल्युमिनियम थेट एकमेकांना लावू नका. बदल्यात समुद्र तुम्हाला एक भेट देतो. खारं पाणी उभ्या अँटेनासाठी सगळ्यात भारी जमीन आहे, किनाऱ्याला लागून लावलेला साधा व्हर्टिकल पश्चिमेकडे असा जातो की आम्ही फोंड्यातले लोक नुसते जळतो.

वीज

एप्रिल-मे च्या संध्याकाळी आणि परत ऑक्टोबरमध्ये जो गडगडाट होतो तो भर पावसाळ्यापेक्षा धोक्याचा. सरळ अंगावर पडलेल्या विजेपासून घरगुती उपायांनी रेडिओ वाचत नाही, ते डोक्यातून काढून टाका. आपण जे करतो ते आजूबाजूला पडलेल्या विजेसाठी.

पहिलं काम फुकटचं आहे. रेडिओ वापरत नसाल तेव्हा केबल काढा, आणि काढून टेबलामागे नाही टाकायची, घराबाहेर न्यायची. त्यासाठी केबल भिंतीच्या बाहेर एका पेटीत जोडा, तिथेच काढता आली पाहिजे. त्याच पेटीत गॅस ट्यूबवाला अरेस्टर (जादा व्होल्टेज जमिनीकडे वळवणारा), आणि तिथून जाड तांब्याची पट्टी सरळ, कमीत कमी वळणं घेत अर्थिंगला. पण ढग गडगडायला लागल्यावर केबल काढायला धावायचं नाही. तेव्हा उशीर झालेला असतो, हात लावू नका.

अर्थिंग म्हणजे आपल्याकडे खरी डोकेदुखी. पुस्तकात लिहिलेलं असतं की तीन मीटरचा रॉड जमिनीत ठोका. चिऱ्यात ठोकून दाखवा! पहिल्या फुटानंतर रॉड वाकतो. आणि चिरा उन्हाळ्यात इतका कोरडा होतो की रॉड गेला तरी अर्थिंग कागदावरच. खड्डा खणा, किंवा विहिरीजवळ, न्हाणीघराचं पाणी जातं तिथे, कुळागराच्या पाटाजवळ अशी बारमाही ओली जागा शोधा. खड्ड्यात रॉडभोवती कोळसा-मीठ किंवा बेंटोनाइट. मीठ स्वस्त पडतं पण दर पावसात वाहून जातं आणि रॉडलाही खातं, बेंटोनाइट एकदाच. आणि अँटेनाचं अर्थिंग वेगळं, घराचं वेगळं असं ठेवायचं नाही, दोन्ही जाड तांब्याने एकमेकांना जोडा, नाहीतर वीज जवळ पडली की दोन अर्थिंगमधला फरक तुमच्या रेडिओतून वाट काढतो. घराच्या अर्थिंगला हात लावायचं काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

२ मीटरचं छोटं काम

२ मीटर म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा बँड. हे काम एका संध्याकाळचं आहे. एक एसओ-२३९ सॉकेट (पीएल-२५९ प्लग बसतो ते), पाच पितळी ब्रेझिंग रॉड. मधल्या पिनला ४९ सेंटिमीटरचा एक उभा, चार कोपऱ्यांना ५१ सेंटिमीटरचे चार, खाली ४५ अंश वाकवलेले. वाकवल्यामुळे इम्पीडन्स ५० ओहमच्या आसपास येतो, म्हणजे केबलशी जुळतो, सपाट ठेवले तर कमी येतो. पीव्हीसी पाइपच्या तोंडात बसवला, कनेक्टर पाइपच्या आत राहिला, की पावसाचाही प्रश्न नाही. फ्लॅटवाल्यांनी इथूनच सुरुवात करावी, गॅलरीच्या ग्रिलपासून हातभर बाहेर. फक्त हे नजरेच्या रेषेतलं काम आहे, डोंगराच्या कुशीत राहत असाल तर एक मीटर उंची वाढवून काही होत नाही, गाडी काढा आणि पठारावर जा.

पाइप

झाडच नसेल तर जीआय पाइप. सहा मीटरचा एक पूर्ण पाइप येतो, दीड इंची बी क्लास घ्या. पाइपवर रंगाचा पट्टा असतो, पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. पिवळा घेऊ नका. निळा साधारण २१-२२ किलोचा होतो. माळ्यावर पडलेला जुना टीव्ही अँटेनाचा पाइप फुकट म्हणून लावायचा मोह होतो, तो बाहेरून बरा दिसतो आणि आतून पत्र्यासारखा पातळ झालेला असतो, हातोडीने ठोकून आवाज ऐका.

वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. पणजीसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाला प्रत्येक चौरस मीटरवर ९० किलोच्या वर दाब येतो, आणि वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा आमच्या वाड्यावर माड, फणस आडवे झाले, वीज गेली, माझा ताण, म्हणजे बाजूने आधाराच्या तारा, नसलेला पाइप केळीच्या पानासारखा वाकला. तार मात्र कॅनच्या वजनावर झोके घेत तशीच.

तेव्हा ताण पाहिजेतच, लाइनमन स्टे म्हणतात ते. तीन ताण, १२० अंशांवर, पाइपच्या उंचीच्या साठ ते ऐंशी टक्के लांब, म्हणजे सहा मीटरला चार-साडेचार मीटर. ताण गडग्याला बांधायचा नाही. गडगा नुसता दगड रचलेला असतो, पावसात माती भिजली की ताणासकट येतो. खिडकीच्या ग्रिललाही नाही, कौलांच्या वाशांना तर नाहीच. तीन फूट खड्डा, त्यात काँक्रीट आणि हुक. तारेला यू-क्लॅम्प लावताना त्याचा खोगिरासारखा भाग ताण येणाऱ्या तारेवर आणि यू बोल्ट मोकळ्या शेपटीवर, एका जागी तीन क्लॅम्प. उलटे लावले तर ताण येणारी तारच चेपते, आणि आपल्याकडे बहुतेक फॅब्रिकेटर उलटे लावतात, उभं राहून बघा.

बुडाला बिजागरीची प्लेट करून घ्या म्हणजे पाइप आडवा करता येतो. उभा करताना चार माणसं, वारा नसलेली सकाळ, दोन ताण आधीच बांधलेले, तिसरा एकाच्या हातात, एकजण बुडाशी, एकजण फक्त लांब उभा राहून ओरडायला. पोरं आणि कुत्रा घरात. आणि कोणाच्याही खांद्यावर पाइप असताना फोटो काढायचा नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

टॉवर पाहिजेच असेल तर

दोन पावसाळे काढल्यावर विचार करा. काँक्रीटचा पाया आला की पंचायतीला किंवा पालिकेला आधी विचारा, सोसायटीत असाल तर लेखी परवानगी, किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, बघा. दाबोळी आणि मोपा दोन्हीकडे विमानतळ आहेत, त्यातलं दाबोळी नौदलाचं, त्यामुळे वास्को, चिखली किंवा पेडणे भागात राहत असाल तर उंचीचा विषय गंभीर आहे. एअरपोर्ट्स अथॉरिटीचा कलर कोडेड झोनिंग मॅप ऑनलाइन असतो, त्यावर आपली जागा बघून मगच लोखंडाचा हिशोब करा. पाया, वेल्डिंग, ताण हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या, ओळखीच्या ग्रिलवाल्याच्या अंदाजावर नाही. जोडणी झाल्यावर गॅल्व्हनाइझ करून मिळालं तर उत्तम, नुसता रंग दोन पावसाळे. चढणाऱ्याला फुल बॉडी हार्नेस, पोटाचा नुसता पट्टा नाही.

शेजारी आणि खरखर

तार दिसली की शेजारी विचारणारच. आमच्या समोरच्या काकी पहिल्या दिवशी म्हणाल्या, 'ही तार कसली रे, पाकिस्तानशी बोलतोस की काय?' त्यांना आत बोलवून बेळगावच्या एका आजोबांचा आवाज ऐकवला, ते सांगत होते की तिकडे पाऊस सुरू झालाय, काकींनी लगेच आंगणातली आमसुलं आत घेतली, आणि अर्ध्या तासात खरंच पाऊस आला. तेव्हापासून तक्रार नाही. बोलावून दाखवा, एवढंच.

उलटा त्रास आपल्याला जास्त होतो. चवथीला लाइटिंगच्या माळा लागल्या की ४० मीटरवर घों घों सुरू, स्वस्त एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर, सगळे आवाज करतात. घरातला मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर लावा, आवाज गेला तर चोर घरातच आहे, एकेक एमसीबी चालू करत शोधा. शेजारच्या माळेसाठी काही करता येत नाही, दीड दिवसांचा गणपती असलेला शेजारी मिळणं हे नशीब. फोंड्यात अकरा दिवसांचेही असतात.

कॉल करताना लोक ग्रिड लोकेटर, म्हणजे नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा कोड, विचारतील. गोव्याचा बराच भाग एमके६५ मध्ये येतो, ७४ अंश रेखांशाच्या पूर्वेला गेलात की एमके७५, आणि ती रेघ फोंड्याच्या आसपासच जाते, त्यामुळे आमच्याकडे फोनवर बघूनच सांगावं लागतं. जुने डीएक्सवाले, म्हणजे लांबचे देश गाठणारे हॅम, कधीकधी गोवा ऐकून वेगळेच खूश होतात. १९६१ पर्यंत हॅमच्या देशांच्या यादीत गोवा वेगळा 'देश' होता, कॉलसाइनच्या सुरुवातीला पोर्तुगीजांचा सीआर८ प्रीफिक्स, मुक्तीनंतर तो यादीतून गेला. त्या काळातलं, बोलणं झाल्याची पावती म्हणून पाठवलेलं एखादं कार्ड कोणाच्या पेटीत असेल तर मला बघायला आवडेल.

राहिलं वर्षाचं वेळापत्रक. मे च्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाच्या आधी, सकाळी सगळं खाली घ्या, दोरी चोळून बघा, टेप बदला, इन्सुलेटरवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवा, नट सैल झालेत का बघा. मग चवथ झाली की परत एकदा नॅनोव्हीएनए लावा आणि मेमधल्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. ते आकडे मी वहीत लिहीत होतो, वहीला वाळवी लागली, आता खिळ्याने एका कौलाच्या आतल्या बाजूला कोरतो, रेडिओच्या टेबलाच्या बरोबर वर.